एमएल-केम, फ्रोडोकेम की हायब्रिड: पोस्ट-क्वांटम मानक निवडताना विश्वास कशावर ठेवावा

सर्व्हरवरची किल्ल्यांची देवाणघेवाण क्वांटम संगणकापुढे टिकेल अशी करायची, एवढे ठरले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: कुणाचे मानक घ्यायचे? आज पाठवलेली माहिती कुणी साठवून ठेवली आणि पंधरा वर्षांनी उघडली तर ज्यांचे नुकसान होईल, त्यांना हा निर्णय लांबणीवर टाकता येत नाही. प्रत्यक्षात त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, १३ ऑगस्ट २०२४ रोजी फिप्स २०३ या सरकारी मानकाच्या रूपात प्रसिद्ध केलेले एमएल-केम (मूळ नाव कायबर) एकटे वापरायचे, ही पहिली. जर्मनीच्या बीएसआय या सरकारी माहिती-सुरक्षा कार्यालयाने उचलून धरलेले फ्रोडोकेम किंवा क्लासिक मॅकएलिस घ्यायचे, ही दुसरी. एमएल-केमला एक्स२५५१९ या आजच्या रूढ किल्ली-देवाणघेवाण पद्धतीची जोड देऊन हायब्रिड पद्धत चालवायची, ही तिसरी. वेगाचे आकडे कुठेही सापडतात. या मानकांमागची प्रक्रिया किती उघडी होती आणि कुठे झाकलेली राहिली, हे पारखून घेणे मात्र अवघड असते, म्हणून येथे भर त्यावर आहे.

निस्टविषयी शंका घेणाऱ्यांना वेड्यात काढता येत नाही. २००६ साली निस्टने यादृच्छिक संख्या तयार करण्याच्या ज्या पद्धती मंजूर केल्या, त्यांत ड्युअल ईसी डीआरबीजी नावाची एक होती आणि ती एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेकडून आलेली होती. तिच्यात पी आणि क्यू असे वक्रावरचे दोन ठरावीक बिंदू होते. क्यू कुठून आला, तोच का निवडला, याचे स्पष्टीकरण कुणी तपासू शकेल अशा स्वरूपात दिलेले नव्हते. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन यांनी दाखवून दिले की या दोन बिंदूंमधले गुप्त नाते ज्याला ठाऊक असेल, त्याला बाहेर पडलेल्या थोड्याशा संख्यांवरून पुढच्या सगळ्या संख्या सांगता येतील. तरीही ती पद्धत मानकात राहिली, २०१३ मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांमुळे गवगवा झाला आणि २०१४ मध्ये निस्टने ती काढून टाकली. चोरवाट होती हे न्यायालयात सिद्ध व्हावे तसे सिद्ध झाले नसेल, पण ती ठेवायला जागा होती, एवढे निर्विवाद आहे.

म्हणून एमएल-केम हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा की यात ‘क्यू’ कुठे लपू शकेल. सर्वांना समान असा मोठा, कारण न दिलेला स्थिरांक येथे नाही. गणिताचा कणा असलेला मॅट्रिक्स प्रत्येक किल्लीसाठी ३२ बाइटांच्या नव्या बीजातून (यादृच्छिक सुरुवातीच्या संख्येतून) शेक-१२८ या हॅश-पद्धतीने तयार होतो. म्हणजे ज्याची किल्ली, त्याचाच मॅट्रिक्स. उरलेले आकडे लहान आहेत आणि त्यांची कारणे लिहिलेली आहेत. ३३२९ ही मूळ संख्या घ्या. ३३२८ म्हणजे १३ गुणिले २५६, त्यामुळे बहुपदींचा गुणाकार जलद करण्याची ठरावीक युक्ती येथे चालते. सुरुवातीच्या मसुद्यात ही संख्या ७६८१ होती, ती दुसऱ्या फेरीच्या वेळी बदलली आणि बदलाचा हिशेबही प्रसिद्ध झाला. ड्युअल ईसीच्या दोन बिंदूंशेजारी हे मांडले की फरक डोळ्यांना दिसतो.

प्रक्रियेचेही तसेच. निस्टने ही निवड खुल्या स्पर्धेतून केली. २०१७ च्या अखेरीस आलेल्या ८२ प्रस्तावांपैकी ६९ पात्र ठरले, दुसऱ्या फेरीत २६ उरले, आणि प्रत्येक फेरीनंतर कोण का राहिले व कोण का गळाले याचा अहवाल निघाला. कायबरचे बहुतेक रचनाकार युरोपात काम करणारे आहेत. परक्यांनी केलेली मोडतोड मला त्याहून अधिक बोलकी वाटते. रेनबो ही स्वाक्षरी-पद्धत अंतिम फेरीत पोहोचली होती. २०२२ च्या सुरुवातीला वॉर्ड ब्यूलेन्स यांनी तिचा सर्वांत लहान संच लॅपटॉपवर शनिवार-रविवारच्या अवधीत फोडला. त्याच वर्षी निस्टने साइक या किल्ली-देवाणघेवाणीच्या पद्धतीला चौथ्या फेरीत ठेवले आणि काही आठवड्यांतच बेल्जियममधल्या वाउटर कास्ट्रिक व थॉमस देक्रू यांनी ती एका प्रोसेसर-गाभ्यावर साधारण तासाभरात उघडली. या घटनांनी स्पर्धेची बेअब्रू झाली असे काही जण म्हणतात. मला उलटे वाटते: साइक मानक होण्याआधी पडली, कारण ती सर्वांसमोर ठेवलेली होती.

झाकलेले भागही आहेत, आणि ते लहान नाहीत. निस्टला कायद्यानेच एनएसएशी सल्लामसलत करावी लागते, आणि त्या चर्चेत नेमके काय बोलले गेले ते अहवालांतून कळत नाही. क्रिप्टोग्राफर डॅनियल बर्नस्टाइन यांनी ही कागदपत्रे मिळवण्यासाठी २०२२ मध्ये माहिती-अधिकाराच्या अमेरिकी कायद्याखाली निस्टवर दावा लावला. कायबरच्या सर्वांत लहान संचाच्या, म्हणजे कायबर-५१२ च्या, सुरक्षेचा हिशेब निस्टने चुकवला, जेथे बेरीज हवी तेथे गुणाकार केला, असा त्यांचा २०२३ मधला आक्षेप आहे. निस्टला तो मान्य नाही. (बर्नस्टाइन स्वतः प्रतिस्पर्धी प्रस्तावांचे सहरचनाकार आहेत, हेही वाचताना ध्यानात ठेवावे, त्याने आक्षेप खोटा ठरत नाही.) कायबरशी संबंधित पेटंटधारकांशी झालेल्या वाटाघाटी बंद दाराआड झाल्या, जरी करार वेळेत न झाल्यास एनटीआरयू या दुसऱ्या प्रस्तावाकडे वळण्याचा विचार करू, हे अहवालात उघडपणे लिहिलेले होते.

एक बारीक बदल मात्र प्रत्येकाने पाहावा. मूळ कायबरमध्ये पाठवणारा यंत्राकडून मिळालेली यादृच्छिक संख्या थेट न वापरता आधी हॅशमधून (उलटा हिशेब करता न येणाऱ्या मिश्रणातून) काढत असे, जेणेकरून संख्याजनकाचे कच्चे उत्पादन समोरच्याच्या हाती पडू नये. ड्युअल ईसीचा चटका बसलेल्यांनी घेतलेली ही खबरदारी होती. फिप्स २०३ मध्ये ती पायरी गाळली आहे. मंजूर संख्याजनक वापरणे बंधनकारक असल्याने तिची गरज नाही, हे कारण मानकातच दिलेले आहे. कारण तर्काला धरून आहे, आणि बदल लपवलेला नाही. पण ‘मंजूर’ या शब्दावर एकदा हात पोळलेला असताना फुकटात मिळणारी खबरदारी काढून टाकणे मला रुचलेले नाही.

दुसऱ्या वाटेवर आकर्षण आहे ते जुनेपणाचे. क्लासिक मॅकएलिसचे मूळ १९७८ मधले आहे आणि इतकी वर्षे हल्ले सोसून ते उभे आहे. फ्रोडोकेममध्ये कायबरसारखी बीजगणिती रचना मुद्दाम टाळली आहे, त्यामुळे त्या रचनेतच उद्या कुणाला फट सापडली तरी फ्रोडो त्यात सापडत नाही. निस्टने फ्रोडोला २०२२ मध्ये बाजूला ठेवले, बीएसआयने शिफारस कायम ठेवली, आणि आता आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेत दोन्हींचे मानकीकरण हाती घेतले गेले आहे. निस्टवर विश्वास नाही म्हणून आयएसओकडे जाणाऱ्याने थोडे थांबावे. ड्युअल ईसी २००५ च्या आयएसओ मानकातही होती. आयएसओची चर्चा राष्ट्रीय प्रतिनिधींमार्फत चालते (आपल्याकडून भारतीय मानक ब्यूरो), मसुदे सर्वांना सहज मिळत नाहीत आणि अंतिम प्रतही बहुधा विकत घ्यावी लागते. दुसरीकडे, एनएसएच्या सायमन व स्पेक या सांकेतिकीकरणाच्या पद्धती २०१८ मध्ये आयएसओतल्या देशांनीच परतवून लावल्या. म्हणजे तेथे दबाव झेपतो, पण तो कसा झेपला हे बाहेरच्याला बघता येत नाही.

किंमत मात्र बघता येते. एक्स२५५१९ ची सार्वजनिक किल्ली ३२ बाइटांची, एमएल-केम-७६८ ची ११८४, फ्रोडोकेम-९७६ ची १५,६३२ आणि मॅकएलिसच्या सर्वांत लहान संचाची २,६१,१२० बाइटांची. एमएल-केमच्या किल्लीनेच ब्राउझरचा पहिला संदेश एका पॅकेटात मावेनासा होतो आणि काही जुन्या फायरवॉल तेवढ्यानेच अडखळल्या आहेत. दर जोडणीला पाव मेगाबाइट पाठवणे संकेतस्थळाला परवडणार नाही. दोन कार्यालयांमधल्या कायमच्या बोगद्यात (सुरक्षित खासगी जोडणीत), जेथे किल्ली एकदाच पोहोचवून ठेवायची असते, मॅकएलिस शोभतो. तेथे त्याचा ९६ बाइटांचा सांकेतिक मजकूर उलट फायद्याचाच आहे.

हायब्रिडची गोष्ट साधी आहे. दोन्ही पद्धतींतून निघालेली गुपिते एकत्र करून शेवटची किल्ली बनते, त्यामुळे हल्लेखोराला दोन्ही फोडाव्या लागतात. जास्तीचा भार ३२ बाइटांचा. एनएसए याची सक्ती करत नाही, ब्रिटनची सायबरसुरक्षा संस्था एनसीएससीही करत नाही. जर्मनीची बीएसआय आणि फ्रान्सची सायबरसुरक्षा संस्था एएनएसएसआय मात्र हायब्रिडचा आग्रह धरतात. गुंतागुंत वाढते हा विरोधकांचा मुद्दा खरा आहे, पण साइक ज्या आठवड्यात पडली त्या आठवड्यात हायब्रिड चालवणाऱ्याची झोप उडाली नसती. सर्व्हरशी सुरक्षित दूरजोडणी करून देणाऱ्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरने निस्टच्या निकालाची वाट न पाहता एप्रिल २०२२ मध्येच, निस्टने पुढे न निवडलेली एनटीआरयू प्राइम एक्स२५५१९ च्या जोडीने मूळ पसंती केली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती जागा एमएल-केमच्या हायब्रिडला दिली. मानकसंस्थेवर ना आंधळा भरवसा, ना बहिष्कार.

कोरियाने स्वतःची स्पर्धा घेऊन जानेवारी २०२५ मध्ये चार पद्धती निवडल्या, चीननेही त्याच वर्षी नव्या प्रस्तावांची हाक दिली. त्या देशांत व्यवसाय नसेल तर तूर्त त्यांत पडू नये. डिजिटल स्वाक्षऱ्यांची घाईही वेगळी आहे: साठवून नंतर उघडण्याचा धोका तेथे नाही, त्यामुळे पंधरा वर्षे चालणाऱ्या उपकरणांचे फर्मवेअर वगळता तो निर्णय वेगळा ठेवता येतो.

माझी निवड सर्वसाधारण सर्व्हरसाठी एक्स२५५१९ अधिक एमएल-केम-७६८ अशी आहे. ५१२ नको, तिच्यावरचा वाद मिटेपर्यंत थांबायचे कारण नाही, कारण कायबरच्या रचनाकारांचीही शिफारस ७६८ चीच होती. ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफी लायब्ररीच्या ३.५ आवृत्तीपासून ही जोडी आयती मिळते. पुण्यातून अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुरवठादाराला सॉफ्टवेअर देत असाल, तर एनएसएच्या यादीप्रमाणे एमएल-केम-१०२४ लागेल; ग्राहक जर्मन सरकारी असेल, तर हायब्रिड आणि गरजेप्रमाणे फ्रोडो. कोणतीही वाट घेतली तरी लायब्ररी देणाऱ्याला एक प्रश्न लेखी विचारावा: यादृच्छिक संख्या कोणत्या संख्याजनकातून येते, आणि एमएल-केमला देण्याआधी ती हॅशमधून काढता का?