लंडनच्या आडवाटांचं ऑडिओ ॲप: सगळं आहे, फक्त वार नाहीत

लंडनमधल्या आडबाजूच्या ऐतिहासिक जागा दाखवणारं एक ऑडिओ ॲप गेले काही महिने वापरतोय. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत. आखलेल्या भटकंत्या देतं, जीपीएसने वाट दाखवतं आणि जागेवर निवेदक तिथली गोष्ट सांगतो. तक्रार एकच: कुठली जागा कुठल्या वारी उघडी असते, हे ॲप सांगतच नाही.

'सिटी' या लंडनच्या जुन्या मध्यभागात वॉलब्रुक रस्त्यावर मिथ्रा या देवाचं रोमन काळातलं देऊळ आणि वास्तुकार क्रिस्टोफर रेनचं सेंट स्टीफन चर्च जवळजवळ समोरासमोर आहेत. देऊळ सोमवारी बंद, चर्च शनिवार-रविवार बंद. म्हणजे दोन्ही एका फेरीत बघायची तर मंगळवार ते शुक्रवार. ॲपने ही जोडी 'रविवारची भटकंती' म्हणून दिलीय! आई-बाबांना रेडिंगहून घेऊन गेलो. तिघांचं रेल्वेभाडं, त्यात बाबांचे गुडघे, आणि चर्चला कुलूप. पैसे परत मागितले, तर 'वेळा त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहाव्यात' असं ठरावीक उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. सगळं मीच शोधायचं, तर पैसे कशाचे घेता?

उंच इमारतींत जीपीएस भरकटतं, पण ते चालवून घेता येतं.

नंतर रजा काढून एकटा गेलो. चर्चमध्ये घुमटाखाली शिल्पकार हेन्री मूरने घडवलेली गोल दगडी वेदी आहे. 1953 मध्ये इथूनच खचलेल्या माणसांना फोनवर आधार देणाऱ्या सॅमॅरिटन्स संस्थेची हेल्पलाइन सुरू झाली. समोरचं देऊळ 1954 मध्ये सापडलं, 1962 मध्ये दुसरीकडे हलवलं आणि 2017 मध्ये मूळ जागी परत आलं, रस्त्याच्या सुमारे सात मीटर खाली. अंधारात धुक्यावर प्रकाश पाडून भिंती उभ्या करतात. प्रवेश फुकट, फक्त आधी बुकिंग करा.

ॲप काढूनच टाकणार होतो, पण आईसोबत पाहिलेल्या पोस्टमन्स पार्कने थांबवलं. सेंट पॉल कॅथीड्रलपासून चालत पाच-सात मिनिटांवर ही बाग आहे. दुसऱ्याचा जीव वाचवताना गेलेल्या साध्या माणसांसाठी चित्रकार जी. एफ. वॉट्सने 1900 मध्ये इथे स्मारक उभारलं. छपराखाली चिनी मातीच्या फरशा, प्रत्येकीवर नाव आणि काय घडलं ते. ॲलिस एअर्स, गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची मुलगी: 1885 मध्ये युनियन स्ट्रीटवरच्या जळत्या घरातून तीन मुलं वाचवली, स्वतः गेली. इथे ॲपचा निवेदक घाई करत नाही. एकेक नाव वाचतो, थांबतो, मग पुढच्या फरशीकडे नेतो. आईला मी जमेल तसं मराठीत सांगत गेलो. ती बराच वेळ तिथून हलली नाही.

त्यामुळे सदस्यत्व संपेपर्यंत ठेवतोय, पण वार टाकले नाहीत तर पुढच्या वर्षी पैसे भरणार नाही. आणि लंडनच्याच मेडा व्हेल भागातलं 10, हाउली प्लेस हे घर या ॲपमध्ये नाही, ते आपलं आपणच जाऊन बघा. 1918-19 मध्ये लोकमान्य टिळक तिथे राहिले होते. त्यांच्या नावाची निळी स्मृतिपाटी रस्त्यावरूनच दिसते, कुठल्याही वारी, फुकट.