वनाझजवळचा सहावा मजला

मे महिन्यात अकोल्याचा पारा 44-45 अंशांवर गेला की आमच्या घरात पुण्याचे बेत सुरू होतात. उन्हाळ्यात पुणेही आता चाळिशी गाठते हे ठाऊक होते, पण तिथल्या रात्री आमच्याकडच्यापेक्षा सुसह्य असतात, या भरवशावर आम्ही गेल्या वर्षी पाच दिवसांची सहल ठरवली. यजमान, मी, दोन मुले आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई अशी पाच माणसे असल्यामुळे लॉजच्या दोन खोल्या घेण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेला एखादा फ्लॅट स्वस्त आणि सोयीचा पडेल, असा हिशेब मी मांडला. पुढचे सारे या हिशेबातूनच घडले, म्हणून ते आधी सांगते.

समाजमाध्यमावरच्या एका जाहिरातीत कोथरूडला, वनाझ मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, दोन बेडरूमचा एसी फ्लॅट दिवसाला 2,500 रुपयांना मिळेल, असे छायाचित्रांसह दिले होते. फोन उचलणाऱ्या गृहस्थाचे मराठी स्वच्छ होते आणि बोलण्यात कसलीही घाई नव्हती. लिफ्ट आहे का, दुपारी वीज जाते का, पाण्याची वेळ कोणती, असे मला सुचतील तेवढे प्रश्न मी विचारले आणि प्रत्येकाचे उत्तर त्याच्याकडे तयार होते. वर त्याने आपणहून सांगितले की कात्रजचे प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, तेव्हा तो दिवस टाळा. केळकर संग्रहालय भर दुपारसाठी राखून ठेवा, म्हणजे आजींना ऊन लागणार नाही. आणि सिंहगड चढायचा असेल तर उजाडायच्या आत निघा. हे सगळे खरे होते, आणि मी फसले ती नेमकी इथेच. पुण्याची माहिती कोणालाही मिळवता येते; ती असणारा माणूस फ्लॅटचा मालकही असेलच, हा माझा तर्क मला आज हास्यास्पद वाटतो.

निम्मे भाडे, म्हणजे 6,250 रुपये, मी त्याच दिवशी यूपीआयने पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव आले ते त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळे होते. मी तसे विचारलेही, त्यावर ‘हिशेब मेहुणा पाहतो, खाते त्याचे आहे’ असे उत्तर आले आणि ते मला पटले. आपले बँकखाते सोडून कोणाच्या तरी मेहुण्याच्या खात्यात पैसे मागणाऱ्या घरमालकाशी व्यवहार तिथेच थांबवायला हवा होता. निघण्याच्या आदल्या दिवशी उरलेले 6,250 आणि सोसायटीची परत मिळणारी अनामत म्हणून 5,000 असे आणखी 11,250 रुपये गेले.

रात्रीच्या गाडीत मनमाडच्या अलीकडे त्याचा पुन्हा फोन आला. सोसायटीने या महिन्यापासून अनामत घेणे बंद केले आहे, तेव्हा तुमचे 5,000 लगेच परत करतो, मी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करा, असे तो म्हणाला. रेंज येत-जात होती, धाकटा झोपेसाठी रडत होता, आणि मी कोड स्कॅन करून पिन टाकला. यूपीआयचा पिन आपले पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे मी स्वतः शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगत आले आहे. खात्यातून आणखी 5,000 गेल्याचा संदेश आला तेव्हा त्याने तांत्रिक चुकीबद्दल माफी मागितली आणि सकाळी चावीबरोबर 10,000 रोख देतो, असे सांगितले. एकूण 22,500 रुपये गेले होते आणि आम्ही निवांत झोपलो.

सकाळी स्थानकावरून थेट मेट्रोने वनाझला उतरलो. दिलेल्या पत्त्यावर इमारत होती, तिचे नावही तेच होते. फ्लॅट क्रमांक 604 सांगितल्यावर चौकीदार आमच्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात मोठ्या मुलीने मजले मोजले आणि म्हणाली, ‘आई, ही इमारत तर पाचच मजल्यांची आहे.’ ‘ताई, या महिन्यातले तुम्ही तिसरे,’ चौकीदार म्हणाला.

तरीही मी तक्रार केली नाही, कारण तो गृहस्थ फोन उचलत होता. इमारत चुकली असेल, मागच्या गल्लीत या. चावी घेऊन निघालो आहे. कर्वे रस्त्यावर गाडी अडकली आहे. पंधरा मिनिटे द्या. सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंत आम्ही एका कडुलिंबाच्या तोकड्या सावलीत बॅगांवर बसून होतो. सासूबाईंना चक्कर आल्यावर चौकीदाराने आपली खुर्ची आणि माठातले पाणी दिले. पैसे मिळाल्यावरही हा माणूस फोन का उचलत होता, याचा उलगडा मला नंतर पोलीस ठाण्यात झाला. आलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकवून काढून घ्यायला त्यांना वेळ लागतो, आणि तो वेळ आम्हीच त्या झाडाखाली बसून त्याला दिला. गाडीत पिन टाकला त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला असता, तर निदान शेवटची रक्कम वाटेतच गोठवता आली असती.

दोननंतर त्याचा फोन बंद झाला. लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका लॉजवर सामान टाकेपर्यंत आणि आपण फसलो हे यजमानांच्या भावाला सांगण्याची लाज गिळेपर्यंत संध्याकाळ झाली. 1930 वर तक्रार नोंदवली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर व्यवहारांचे क्रमांक भरले, पोलीस ठाण्यात जाऊन छायाचित्रे दाखवली. तिथल्या तरुण अंमलदाराने ती गुगल लेन्सवर टाकताच दिवाणखान्याचे छायाचित्र दुसऱ्याच शहरातल्या एका बिल्डरच्या नमुना फ्लॅटचे निघाले. मला ते घरबसल्या एका मिनिटात करता आले असते. फ्लॅटमध्ये उभे राहून व्हिडिओ कॉल करा, असे एकदा म्हटले असते तरी पुरले असते. 22,500 पैकी 3,100 रुपये एका खात्यात गोठवले गेले आहेत. ते न्यायालयाच्या आदेशानंतर मिळतील, असे सांगण्यात आले. अजून मिळालेले नाहीत.

डिसेंबरात एका लग्नासाठी पुण्याला गेले असता त्या चौकीदाराला भेटायला मुद्दाम वनाझला उतरले. फाटकावर आता नवी पाटी लागली आहे : ‘या इमारतीस सहावा मजला नाही. आगाऊ पैसे भरून आलेल्यांनी चौकीदाराशी वाद घालू नये.’