सावित्रीच्या पात्रातले लाकूड माशांच्या टाकीत: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझी टाकी दोन फुटी, म्हणजे सुमारे ५५ लिटरची असून तीत गप्पी, चेरी झिंगे आणि एक ब्रिसलनोज प्लेको (लाकूड आणि शेवाळ खरवडून खाणारा मासा) आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, पूर ओसरल्यावर सावित्री नदीच्या गोट्यांत अडकून राहिलेले एक झाडाचे मूळ गेल्या हिवाळ्यात मी या टाकीत बसवले. इतके महिने ते पाण्यात पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की लाकूड तयार करण्याचे निम्म्याहून अधिक काम नदीच करून ठेवते. आपण नीट निवडावे आणि भिजवताना घाई करू नये.

निवडताना मी अंगठ्याचे नख रुतवून पाहतो. नख सहज आत गेले तर लाकूड कुजलेले आहे असे समजून ते तिथेच सोडतो. साल आणि बाहेरचा मऊ थर पुरात झिजून गेलेला, आतला कठीण गाभा उरलेला आणि दगडावर आपटल्यास ठणठणीत वाजणारा तुकडा चांगला. ओले, चिकाळ किंवा उग्र वासाचे लाकूड घेऊ नये. कण्हेर, शेर, बिब्बा आणि खाडीकाठचा गेवा यांच्या वाटेला तर जाऊच नये. खाडीतल्या लाकडात मीठ मुरलेले असते आणि कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे तिकडचा विचारच नको. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातूनही काही उचलू नये. कारखान्यांच्या खालच्या अंगाला वाहून आलेले लाकूड मी घेत नाही, कारण त्यात काय शोषले गेले आहे ते घरी धुऊन कळत नाही.

स्वच्छतेला काथ्याचा ब्रश आणि जुना स्क्रू ड्रायव्हर पुरतो. मुळांच्या बेचक्यांत घट्ट बसलेला चिखल मात्र चिकाटीने कोरून काढावा लागतो. साबण किंवा धुण्याची पावडर लावू नये, ती लाकडात मुरते. उकळण्याचे महत्त्व जरा जास्तच सांगितले जाते. उकळल्याने पृष्ठभागावरचे कीटक आणि बुरशी मरते, टॅनिन (लाकडातला पाणी तपकिरी करणारा अंश) लवकर सुटते आणि लाकूड पाणी लवकर पिते, हे खरे. पण जाड मुळाच्या गाभ्यापर्यंत त्याचा परिणाम क्वचितच पोहोचतो आणि घरातल्या पातेल्यात असे मूळ मावतही नाही. मी वरून उकळते पाणी ओतून मूळ पाण्याच्या ड्रममध्ये भिजत ठेवले आणि पुढचे काम ड्रमवर सोपवले. पाणी कोऱ्या चहासारखे होई, ते बदलत राहिलो, आणि रंग फिका पडेपर्यंत कित्येक आठवडे गेले. ड्रमवर बारीक जाळी बांधणे अत्यावश्यक आहे, नाहीतर आपण टाकीची तयारी करता करता सोसायटीत डेंग्यूच्या डासांची पैदास करून ठेवतो.

तरीही मूळ तरंगतच होते. त्याला खाली धरण्यासाठी फरशीचा तुकडा स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने जोडण्याची पद्धत चांगली आहे, पण आपल्याकडे सहज मिळणारी काळी कडप्पा फरशी हा चुनखडक असल्यामुळे ती पाण्याचा जडपणा वाढवू शकते. मी आपला साधा काळा बेसाल्टचा दगड वर ठेवला. काही आठवड्यांनी लाकूड पाणी पिऊन जड झाले आणि दगड काढून टाकता आला.

टाकीत गेल्यावर पहिल्या काही दिवसांतच लाकडावर पांढरट, शेवाळासारखी दिसणारी पण बुळबुळीत साय धरली. पाहणाऱ्याला ती किळसवाणी वाटते, पण ती बुरशी आणि जिवाणूंची असून सहसा निरुपद्रवी असते. झिंग्यांनी ती खाण्यासाठी नुसती झुंबड केली, उरलेली सायफनने ओढून काढली, आणि पुढे ती पुन्हा आली नाही. टॅनिनमुळे पाणी आम्ल होते असे वाचून घाबरणाऱ्यांसाठी सांगतो: माझ्याकडे बोअरचे जड पाणी आहे, आणि त्यात पीएचमध्ये, म्हणजे पाण्याच्या आम्लतेच्या मापात, मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. पालिकेचे मऊ पाणी वापरणाऱ्यांनी मात्र पीएच अधूनमधून मोजावा. रंगच नको असेल तर फिल्टरमध्ये रंग शोषून घेणारा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घालावा. मला तो पिवळसर रंग आवडतो.

जावा फर्न ही पाणवनस्पती मी लाकडाला सुती दोऱ्याने बांधली होती. दोरा विरून गेला तोवर तिच्या मुळांनी लाकूड पकडले होते. प्लेकोने एका फांदीच्या खालच्या बाजूला खरवडून उथळ खाचा पाडल्या आहेत, त्यामुळे त्याच्या विष्ठेत भुसा दिसतो आणि तळ जरा अधिक वेळा साफ करावा लागतो. महिन्यातून एकदा मी मूळ उचलून खालची बाजू हुंगतो. सडक्या अंड्याचा वास किंवा काळा मऊ डाग आढळला तर ते काढायचे ठरवले आहे, पण अजून तशी वेळ आलेली नाही.

दुकानातला तुकडा घेतला तरी भिजवणे टळत नाही. आकार मनासारखा निवडता येतो, एवढाच फायदा, आणि ज्यांना नदीकाठ जवळ नाही त्यांना तोही पुरेसा आहे.