दांडिया बाजारातलं हेल्मेटचं दुकान, नक्की जा
बडोद्यात दांडिया बाजारातून बाबांसाठी हेल्मेट घेतलं, दुकान एवढंसं पण काका मनापासून दाखवतात, आधी टेपने कपाळावरून डोक्याचा घेर मोजला, 58 सेंमी, मग पट्टा लावून हनुवटीखाली दोनच बोटं जातायत ना ते बघितलं आणि मागून ओढून निघतंय का तेही. हे फार गरजेचं आहे बरं का, पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्यावरून उडून जातं. आतला थर्माकोल दबून धक्का झेलतो म्हणून एकदा जोरात आपटलेलं परत वापरू नका. आयएसआय मार्क आणि आयएस 4151 (दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय मानक) बघूनच घ्या. लहान मुलांच्या साइझ मात्र नव्हत्या, काका त्या ठेवाच, मागे बसणाऱ्या 9 महिन्यांपासून 4 वर्षांपर्यंतच्या लेकरांनाही हेल्मेटचा नियम आहे आता.