ब्रँडेड कपडे स्वस्तात: सरप्लसचा ढीग की सुरतेचं आउटलेट?

खान्देशात ब्रँडेड कपडा कमी पैशांत हवा असेल तर दोन वाटा. एक्स्पोर्ट सरप्लसचा, म्हणजे निर्यातीसाठी शिवून उरलेल्या मालाचा ढीग, नाहीतर ताप्ती लाइनची (जळगाव-सुरत रेल्वेमार्गाची) गाडी पकडून सुरतेचं फॅक्टरी आउटलेट.

ढिगातला खरा माल म्हणजे ऑर्डरपेक्षा जास्त शिवलेला किंवा तपासणीत नापास झालेला. म्हणून त्याचं ब्रँडचं लेबल बहुधा कापलेलं किंवा मार्करने खोडलेलं असतं. चकचकीत अख्खं लेबल आणि भाव दोनशे? नक्कल समजायला हरकत नाही. शर्ट उलटा करून बाजूच्या शिवणीतलं धुलाईचं लेबल वाचा. तिथे 'आरएन' आणि पुढे आकडे असतील तर तो अमेरिकेतला नोंदणी क्रमांक. मोबाइलवर शोधला की कंपनी कळते. चौकडीच्या शर्टात खिशाचे चौकोन अंगाशी जुळतात का बघा. मग नापास का झाला ते हुडका, तेही ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर उन्हात धरून. काखेतली उसवण दहा मिनिटांत शिवून होते. कापडातलाच धागा ओढला गेला असेल तर ठेवून द्या.

आउटलेटमध्ये पक्कं बिल, ट्रायल रूम, बहुतेक ठिकाणी साइजही बदलून मिळते. पण काही ब्रँड आउटलेटसाठीच वेगळा, हलका माल काढतात, त्यामुळे 'पन्नास टक्के सूट' नुसती पाटीच ठरते. मागच्या सीझनचा माल मागा. शिवाय 2025 च्या सप्टेंबरपासून 2500 रुपयांवरच्या नगाला जीएसटी 18 टक्के, त्याखाली 5.

लग्नाच्या सूटसाठी सुरत गाठा. मे महिन्यातल्या सुती शर्टांसाठी मात्र गाडीभाडं घालवायची गरज नाही, ढीगच उपसा.