जॉन डिअर ५०५० डी फोर-व्हील ट्रॅक्टर: मुंबईतल्या गोराई-मनोरीच्या वाडीत लोडरसाठी कसा?

५० एचपी, तीन सिलिंडर, मागची हायड्रॉलिक लिफ्ट १६०० किलो. पाच-सहा फुटी रोटावेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) हा आरामात ओढतो, त्यात शंका नाही. खरा प्रश्न पुढच्या लोडरचा, म्हणजे माल उचलणाऱ्या बकेटचा आहे. बकेट भरली की वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि पावसाळी चिखलात जागच्या जागी फिरत बसतात. म्हणून लोडर लावणार असाल तर टू-व्हील, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारा, घेऊच नका. फोर-व्हीललाही मागे वजन हवंच: टायरमध्ये पाणी भरा किंवा मागच्या थ्री-पॉइंट जोडणीला रोटावेटर अडकवून ठेवा. भरलेली बकेट गुडघ्याच्या वर उचलून वळलात तर उताराला ट्रॅक्टर कलंडू शकतो.

झुडपं, राडारोडा, शेणखत यांसाठी हा उत्तम. सुबाभळीचे बुंधे मात्र याच्याने उपटू नका. लोडरचे आर्म पिळतात, पिना वाकतात. तेवढ्या कामापुरता जेसीबी तासावर बोलवा. झाड पाडायचं असल्यास आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढा. खाडीलगतच्या तिवरांना हात लावायचाच नाही.

खाऱ्या हवेत पिनांना रोज ग्रीस मारा आणि काम संपलं की गोड्या पाण्याने धुऊन घ्या.