एनक्लेक्सची प्रश्नपेढी पावसाळाभर वापरून पाहिली

बी.एस्सी. नर्सिंग झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, चिपळूणच्या एका खाजगी हॉस्पिटलात ड्युटी लागली, की घरीदारी एकच चौकशी: सरकारी की बाहेर? मी बाहेरचं धरलं आणि एनक्लेक्स-आरएनसाठी, म्हणजे अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायच्या परीक्षेसाठी, एका अमेरिकन प्रश्नपेढीचं सबस्क्रिप्शन घेतलं. पैसे डॉलरमध्ये भरायचे, म्हणजे कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करा, वर बँकेचे चार्जेस. स्टाफ नर्सच्या पगाराला हे चांगलंच जाणवतं.

पैसे वसूल होतात ते उत्तरांखालच्या स्पष्टीकरणांमुळे. एक प्रश्न सांगते. चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दहापैकी आठ दुखतंय म्हणतो. एकीचा थायरॉइड काढलाय, तिच्या ओठांभोवती मुंग्या येतायत. आमच्या वॉर्डात गुडघेवाल्याचे नातेवाईक काउंटरला टेकून उभे असतात, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळतात. उत्तर आहे थायरॉइडवाली. ऑपरेशनमध्ये पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाली तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, स्वरयंत्राचे स्नायू आवळतात आणि श्वास अडतो. बाकीचे पर्याय का मागे ठेवायचे तेही तेवढ्याच तपशिलात दिलंय. कॉलेजात हे शिकवलं होतं, पण 'टेटनीची लक्षणे लिहा' इतपतच (टेटनी म्हणजे हेच स्नायू आवळणं). आता असा पेशंट असला की कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन हाताशी आहे ना, हे मी हँडओव्हर घेतानाच बघते.

एप्रिल 2023 पासून परीक्षेत केस स्टडी आल्या आहेत, एकेका केसवर सहा प्रश्न. एकूण प्रश्न किमान 85, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. तुमच्या उत्तरावरून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न ठरवतो. त्याला निकालाची खात्री पटली की 85 वरही परीक्षा संपते. प्रश्नपेढीतल्या केस स्टडी परीक्षा घेणाऱ्या एनसीएसबीएनच्या नमुन्याशी जुळतात. 'लागू असतील ते सगळे निवडा' प्रकारात चुकीचा पर्याय टिकला की मिळालेला गुण कापला जातो (शून्याखाली मात्र नेत नाहीत), त्यामुळे ठोकून द्यायची खोड लवकर मोडते.

आता तक्रार. ऑफलाइन सोय नाही! जुलैत लाईट गेली की पाठोपाठ मोबाईलची रेंजही जाते, आणि अर्धी सोडवलेली टेस्ट तशीच अडकते. कस्टमर केअरला लिहिलं, तर उत्तर आलं की चांगलं इंटरनेट वापरा. बरं!

मजकूर अर्थातच तिकडचा. पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, वजन पौंडात. याची आठवड्याभरात सवय होते. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगावर मात्र प्रश्नच प्रश्न, आणि भातलावणीच्या दिवसांत आमचे बेड अडवणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) नावापुरता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, त्याचा मला तरी कुठे उल्लेख सापडला नाही. परीक्षा त्यांची आहे, म्हणून याचे गुण कापत नाही. पण यातून कोकणातल्या ड्युटीची तयारी होईल असं कोणी समजू नये.

नॉरसेट, म्हणजे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, देणार असाल तर घेऊच नका. माझ्या रूममेटने दोन संध्याकाळी चाळून बघितलं आणि सोडून दिलं. तिथे प्रीलिमला 90 मिनिटांत 100 प्रश्न, चुकलं की एक तृतीयांश गुण वजा. पाठांतर आणि वेग लागतो. इथे एकेका प्रश्नावर थांबून विचार करायची सवय लागते. ती जीएनएमवाली (डिग्री नव्हे, नर्सिंगचा डिप्लोमा), त्यामुळे तिला पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभवही दाखवायचाय, आणि आमच्या भागात एवढं मोठं खाजगी हॉस्पिटल शोधणं हीच एक परीक्षा आहे. इंग्लंडला जाणाऱ्यांची सीबीटी, म्हणजे तिकडच्या रजिस्ट्रेशनसाठीची कॉम्प्युटरवरची परीक्षा, वेगळी. त्यात औषधांच्या हिशोबाचे 15 प्रश्न असतात, तेवढा सराव यातून होईल, बाकी फारसं नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर भारतीयांची ईबी-3 (नर्सना नोकरीवरून मिळणाऱ्या) ग्रीनकार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे, हे एजंट शेवटी सांगतात. पण एनक्लेक्स कॅनडा आणि ऑस्ट्रेलियालाही चालते. मी ऑस्ट्रेलिया धरलंय. एनक्लेक्सनंतर अ‍ॅडलेडला ओएससीई, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, द्यावी लागेल. म्हणून परवा रिन्यू केलं. ऑटो-रिन्यू तेवढं लगेच बंद करून टाकलं, ते आपोआप चालू असतं.